उजवीकडून

महाबळेश्वरला का, विचारलं सगळ्यांनी.
नाही, साताऱ्याला. शाहूपुरीत.
शाहूपुरीत काय आहे?
काही नाही, म्हटलं, म्हणून तर.

किल्ली शिकलगार भाभींची, म्हणजे त्यांच्या भावाची.
भाऊ मस्कतला, फ्लॅट बंद.
पिग्मीची पावती फाडताना मी सहज बोलून गेले होते
की भाभी, चालून चालून टाचा झिजल्या,
दोन दिवस कुठंतरी नुसतं बसावंसं वाटतंय.
त्यांनी शिलाई थांबवली, ड्रॉवर ओढला,
आणि रोजच्या पन्नासाच्या नोटेवर
किल्ली ठेवली.

विट्याहून एसटी. रहिमतपूरला भजी,
गाडी सुटेल म्हणून अर्धी कागदात.
साताऱ्यात रिक्षावाल्याला पत्ता सांगताना
हे असे अडखळले
जसे काही आम्ही पळून आलोय,
लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर.

फ्रिजवर चिठ्ठी:
गिझर दहा मिनिटं आधी लावा.
बाल्कनीचं दार नीट ओढा, माकडं येतात.
कप दोनच आहेत.

सकाळी भोंग्याच्या वेळेला डोळे उघडले.
भोंगा नव्हता.
आमच्या गल्लीत रात्रंदिवस माग चालतात,
मांडणीवरच्या ताटल्यासुद्धा त्या ठेक्यात थरथरतात,
इथं मात्र भिंती गप्प.
मग खालच्या आंब्यातून भारद्वाज घुमला,
रिकाम्या घागरीत कुणी फुंकर मारावी तसा.
अहो, ऐकलंत?
काय?
पुन्हा घुमला. आता?
काय ऐकू?
हे उजव्या कुशीवर होते, कान उशीत.
उठून बसले, तेव्हा म्हणाले, हां, भारद्वाज होय.

आणि मग, गॅस संपलाय म्हणावं तितक्या सहज:
डावा कान गेलाय माझा.
तीन-चार वर्षं झाली. मागावर सगळ्यांचाच जातो.

मी चहा गाळत होते. गाळतच राहिले.

रस्त्यानं चालताना हे नेहमी गाड्यांच्या बाजूला,
मी कडेला, डावीकडे. लग्नापासून.
म्हणजे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
मयूरीची फी,
खानापूरच्या लग्नाहून परतताना
जे मी दहा वेळा मनात जुळवून एकदाच बोलले,
आणि उत्तर आलं नाही म्हणून पुढचे पाच दिवस
भाजी वाढण्यापुरतंच बोलले,
ते सगळं त्या बंद दारावर.
दहा-दहा रुपयांचा हिशेब रोज रात्री जुळवणारी मी,
ही तूट कशी दिसली नाही.

दुपारभर झोपलो. दार ओढायचं राहिलं,
माकडानं उरलेली भजी नेली.
बाल्कनीतून अजिंक्यतारा दिसत होता,
हे म्हणाले, उद्या चढू.
उद्याही बसूनच बघितला.
शेजारच्या बाईंनी विचारलं, कुणाकडे आलात?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
मस्कतच्यांकडे, म्हणाले हे.

संध्याकाळी दुधाला निघालो.
पहिल्या वळणावर मी मागून फिरून
उजवीकडे आले.
अगं, गाड्या आहेत त्या बाजूला.
असू देत.
थोडं चाललो. इस्त्रीवाल्याचा कोळसा, कुणाचा तरी कुकर,
एक मुलगा सायकल शिकत होता.
काय बोलावं सुचेना, इतकं साठलेलं असून.
दुधाची एक पिशवी घ्यायची का, विचारलं.
दोन घे, म्हणाले लगेच.
मी दचकलेच.

रविवारी परतीच्या एसटीत
डावीकडची सीट धरली, आणि जन्मात पहिल्यांदा
खिडकी सोडली. तुम्ही बसा आत.
पुसेसावळी येईपर्यंत मी बोलत होते,
खानापूरच्या लग्नापासून सुरुवात करून.
ऊस, पुन्हा ऊस, एक वीटभट्टी,
हे खिडकीकडे पाठ करून ऐकत होते.
मग म्हणाले, हे तू कधी सांगितलंस, शालन?
सांगितलं होतं, म्हटलं.
आता परत सांगते.